डाळिंबाची जुनी कुंडी

मुलगी बॅग घेऊन फाटकात उभी राहिली तेव्हा बागबाबांच्या हातात खुरपं होतं. कुंडीतलं डाळिंब ते जमिनीत लावत होते.

"बाबा, मला नाही राहायचं सासरी," मुलगी म्हणाली. "तो बोलत नाही, अंगावर येतो. परवा ताट भिरकावलं."

बागबाबांनी डाळिंबाच्या बुडाशी माती दाबली. "हे बघ माऊ, नव्या जागी रोप आठ दिवस मान टाकतंच. म्हणून काय लगेच उपटायचं? रुजू द्यायचं."

गल्लीने त्यांना बागबाबा हे नाव उगाच दिलं नव्हतं. नोकरीत त्यांनी दुकानदारांचे वजनकाटे तपासले आणि कुणाला शब्दाने शहाणपण शिकवलं नाही. निवृत्तीनंतर बाग केली, आणि आयुष्याचं सगळं सार त्यांना खताच्या खड्ड्यात सापडलं. शेजाऱ्यांचा मुलगा नापास झाला, तर त्यांनी त्याला पानगळ समजावली. समोरचे आजोबा हृदयविकारातून उठले, तर त्यांना नव्या पालवीबद्दल तासभर सांगितलं. आजोबा बरे झाले. फक्त तेव्हापासून त्यांची अंगणाकडची खिडकी बंद असते.

मुलीच्या खोलीत सकाळचं ऊन छान यायचं. तिचं लग्न झालं त्याच आठवड्यात तिथं बियांचे ट्रे आले. आता पलंगावर टोमॅटो होते, टेबलावर मिरच्या, आणि कपाटात शेणखत. आईने पलंगावरचा ट्रे उचलायला घेतला तसे बागबाबा दारातून ओरडले, "अगं, हलवू नकोस! कोवळे कोंब आहेत, जीव सोडतील."

"राहू दे, आई," मुलगी म्हणाली. "मी हॉलमध्ये झोपते."

दोन दिवसांनी ती परत गेली. जाताना अंगणात थांबली. "ही कुंडी रिकामीच का ठेवलीत?"

"डाळिंबाची आहे," बागबाबा म्हणाले. "असू दे. नाहीच रुजलं तर लागेल."

भर पावसाळ्यात ती पुन्हा आली. तेव्हा बागबाबांनी पाण्याचा निचरा सांगितला: डोक्यात काही साठू द्यायचं नाही, वाहून जाऊ द्यायचं. थंडीच्या तोंडावर आली ती बॅग न घेताच. मनगटाला बँडेज होतं. बागबाबा गुलाबांची छाटणी करत होते. त्यांनी बँडेज पाहिलं. क्षणभर कात्री थांबली. मग ते म्हणाले, "छाटलं की फांदीला लागतंच, माऊ. पण बहर त्यावरच येतो."

मुलीने चहासुद्धा घेतला नाही. त्यानंतर ती आली नाही. फोन आईच्या मोबाईलवर यायचे, आणि आई ते घेऊन स्वयंपाकघरात जायची. बागबाबा गल्लीला सांगत, "बघा, रुजली की नाही?"

थंडी वाढली आणि एका सकाळी डाळिंब मलूल दिसलं. पानांच्या कडा पिवळ्या, शेंडा झुकलेला. चहाचा कप कठड्यावर तसाच ठेवून बागबाबांनी फावडं आणलं, मुळांभोवतीचा मातीचा गोळा जराही न फुटू देता झाड वर काढलं आणि तान्हं मूल पाळण्यात ठेवावं तसं जुन्या कुंडीत ठेवलं.

बायको पायरीवर उभी होती. "अहो, आजच तर पानं पिवळी दिसली. आठ दिवससुद्धा वाट नाही बघितलीत?"

"वाट कसली बघायची?" बागबाबा चिडून म्हणाले. "डोळ्यांदेखत मरू देऊ? जीव आहे त्यात!"

बायको नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. बागबाबांना आधी ती का बघते आहे ते कळलं नाही. मग कळलं. चहावर साय धरली तरी ते कुंडीपाशी उकिडवे बसून होते.

दुपारी ते उठले. खोलीतले ट्रे एकेक करून बाहेर काढले, उघड्यावर, गार वाऱ्यात. एकही कोंब वाचणार नव्हता. कपाट तीनदा धुतलं तरी शेणाचा वास जाईना. पलंगावर नवी चादर घातली. मग बायकोला म्हणाले, "तिच्या सासरी जाऊन तिला घेऊन येतो."

"सासरी नाहीये ती," बायको म्हणाली. "तुमच्या छाटणीनंतर आठवड्यातच निघाली. खोली घेऊन राहते. तुम्हाला सांगू नको म्हणाली."

खोली एका लाँड्रीच्या वर होती. जिना इस्त्रीच्या वाफेने कोमट झाला होता. मुलीने दार उघडलं. आत एक गादी, एक शेगडी, एक कप. बँडेज निघालं होतं. तिने बाबांना पाणी दिलं, स्वतः उभीच राहिली. बसायला खुर्ची एकच होती.

"तुझी खोली रिकामी केलीय," बागबाबा म्हणाले. "सगळे ट्रे काढले. चल घरी."

"नको, बाबा. नोकरी लागलीय. इथं बरी आहे मी."

बागबाबांनी तोंड उघडलं. झाडाझुडपांतलं काहीतरी सुचायला हवं होतं. त्यांनी खिडकीकडे पाहिलं. "ऊन येतं?"

"येतं. दुपारचं."

"मग एखादी कुंडी आणून देऊ? छोटीशी?"

मुलगी पहिल्यांदा हसली. हसता हसता तिचे डोळे भरले.

"कुंडी नको, बाबा. फाटकातून आत आले की दर वेळी मी आधी ती तुमची रिकामी कुंडी बघायचे. त्या डाळिंबाचा फार हेवा वाटायचा मला."