झाकण उघडू नये

मांसाचे तुकडे तव्यात पडले तेव्हा उल्हासरावांनी डोळे मिटून घेतले. चर्र आवाज झाला. मग एक डोळा उघडून त्यांनी चिमट्याने एकेक तुकडा उलटला. सगळ्या बाजूंनी तांबूस होईपर्यंत परता, असं पुस्तकात होतं.

सकाळचे साडेनऊ वाजले होते. मुलगी अनघा आणि जावई वेई ऑफिसला गेल्यावर ते लिफ्टने खाली उतरले होते. बाजारात मलाय खाटकासमोर पाच मिनिटं नुसतेच उभे राहिले होते आणि शेवटी बोट दाखवून म्हणाले होते, "बीफ. फॉर स्ट्यू."

"फर्स्ट टाइम, अंकल?" खाटकाने हसत विचारलं होतं.

त्याला कसं कळलं कोण जाणे.

परतलेलं मांस स्लो कुकरमध्ये गेलं. त्यावर कांदा, गाजर, बटाट्याच्या मोठ्या फोडी, टोमॅटो, दोन तमालपत्रं. मग पाणी, मीठ. बटण मंद आचेवर. आठ तास. कृतीच्या शेवटी ठळक अक्षरांत सूचना होती: मध्ये झाकण उघडू नये.

त्या पानात त्यांनी अनघाचं पत्र खुणेला ठेवलं. पाच वर्षं ते पाकीट या पुस्तकातून त्या पुस्तकात असंच फिरत होतं. पुण्यातल्या छापखान्यात उल्हासरावांनी चाळीस वर्षं मुद्रितं तपासली, लोकांच्या हजारो ओळी वाचल्या. पण या पत्रातली एक ओळसुद्धा त्यांनी कधी कुणाला सांगितली नव्हती.

पत्राच्या आधी एक वाक्य होतं, त्यांचं स्वतःचं. अनघाने वेईबद्दल फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले होते, "ज्यांच्या घरात बीफ शिजतं, त्यांच्या घरी मी पाणीही पिणार नाही." लग्नाला ते गेले नाहीत. अनघाची आई आधीच गेलेली, त्यामुळे तिच्या बाजूची खुर्ची रिकामीच राहिली. मग हे पत्र आलं. मग काहीच नाही.

या दिवाळीत त्यांनीच मेसेज केला. 'येऊ का?' दुसऱ्या दिवशी तिकीट आलं.

विमानतळावरून येताना अनघाने एकदाच विचारलं होतं, "माझं पत्र मिळालं होतं ना, बाबा?"

"हो."

"वाचलंत?"

"वाचलं."

ती टॅक्सीच्या काचेतून बाहेर बघू लागली. मग म्हणाली, "ठीक आहे. आता तो विषय नको."

दुपारी घरभर वास पसरला. उल्हासराव खिडकीपाशी बसले. खाली पाया लेबार स्टेशनकडे जाणारी मेट्रो आवाज न करता सरकत होती. कुकरच्या काचेच्या झाकणाआड थेंब जमत होते, घरंगळत होते, पुन्हा जमत होते. बघता बघता डोळा लागला.

स्वप्नात अनघाचं लग्न होतं. मंडपात वाफ दाटली होती. परवा व्याह्यांच्या दिवाणखान्यात पाहिलेली पांढरी देवी अक्षता वाटत होती. तिच्यापुढची संत्री पायऱ्यांवरून एकेक करून खाली उतरत होती. विहीणबाई स्टीलच्या नव्या कोऱ्या पेल्यात पाणी घेऊन उभ्या होत्या. तो पेला परवा खरोखरच त्यांच्यासाठी आणलेला होता. सगळे वाट बघत होते आणि उल्हासरावांचा हात काही केल्या पुढे होत नव्हता.

फोनने जाग आली.

"बाबा, वेईच्या आई-पप्पांना घेऊनच येते साडेसहाला. जेवण बाहेरून मागवू?"

"नको. मी केलंय."

"काय केलंय? आमटी?"

"हळू शिजणारं आहे," ते म्हणाले.

"तुम्ही म्हणजे ना!" ती हसली. किती वर्षांनी त्यांनी ते हसू ऐकलं.

काल हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या ठेल्यांच्या मंडईत, वेईच्या आईवडिलांनी, दोघा कोहांनी, माशाची पेज घेतली होती. शेजारीच बीफ नूडल्सपुढे ही मोठी रांग होती, पण त्यांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. आपल्यासाठी मन मारतात बिचारे, हे उल्हासरावांना लागलं होतं. ते वाक्य नुसतं विसरून चालणार नव्हतं. ते खाऊनच परत घ्यायला हवं होतं.

साडेसहाला दार उघडलं. वेई आत येतानाच म्हणाला, "वा, बाबा, स्मेल्स गुड लाह!" मग तो थबकला. अनघाने स्वयंपाकघराकडे बघितलं आणि तिचा चेहरा उतरला.

"बाबा, हे..."

"आधी मला बोलू दे." जाग आल्यापासून घोकलेलं इंग्रजी ते बोलू लागले. "मिस्टर कोह, मिसेस कोह. पाच वर्षांपूर्वी मी तुमच्या घराबद्दल एक वाक्य बोललो. आज ते परत घेतो. तुमच्या घरात जे शिजतं, ते मी शिजवलंय. पहिला घास माझा."

त्यांनी झाकण उघडलं, चमच्याने एक तुकडा घेतला आणि तोंडात घातला. तो न चावताच विरघळला.

मिसेस कोह पुढे आल्या. त्यांनी भरल्या डोळ्यांनी उल्हासरावांचा हात दोन्ही हातांत घेतला.

"मिस्टर उल्हास," त्या हळूच म्हणाल्या, "आम्ही क्वान यिन देवीचे भक्त. माझ्या सासूबाईंच्या आधीपासून आमच्या घरात बीफ शिजत नाही."

"बाबांना ठाऊक आहे, आई," अनघा गोंधळून म्हणाली. "मी पत्रात पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. बाबा, मग हे कशासाठी?"

उल्हासरावांनी झाकण पुन्हा कुकरवर ठेवलं. बाऊल ठेवायला जागा करावी म्हणून अनघाने ओट्यावरचं पुस्तक उचललं. पाकीट निसटून तिच्या पायाशी पडलं. पाच वर्षांपूर्वी तिने चिकटवलेली कड अजून तशीच बंद होती.