दोन फणी यंत्र

"वहिनी, पाच फणी घ्या. दिवसभराचं काम दोन तासांत उरकेल," दुकानदार म्हणाला.

रंजना कोटनाके मात्र दोन फणी पेरणी यंत्रच निरखत होती. तिचा ट्रॅक्टर छोटा होता, आणि पेरायची होती जंगलालगतची अर्ध्या एकराची पट्टी.

"याच्यातून ज्वारी आणि बरबटी, दोन्ही पडतात?"

"बियांची चकती बदलली की ज्वारीही पडते, चवळीही. पण जंगलाच्या कडेला राखण कोण करणार?"

"कोणीच नाही. ते हरणांसाठीच आहे. तिथं पोट भरलं, तर आतल्या तुरीत कमी येतील."

दुकानदार हसला. "त्यापेक्षा तारेत करंट सोडा. सगळे तेच करतात."

"आम्हीही सोडला होता. एका सकाळी बंद करायचा राहिला, आणि आमचे मालकच तारेला चिकटून गेले."

दुकानदारानं दोन्ही चकत्या काढल्या आणि खाली बसून त्या कशा बदलायच्या ते तिला दाखवलं.

दिवाळीपर्यंत हरणांनी ती पट्टी बुडापर्यंत खाल्ली. तुरीचं नुकसान झालं, पण मागच्या वर्षीच्या निम्मंही नाही.

पुढच्या पेरणीला शेजारचे दोघे यंत्र मागायला आले.

"न्या," रंजना म्हणाली. "आधी तुमच्या बांधावरची तार गुंडाळून इथं आणून टाका."