अर्धा तास, बंद खोली

"अर्धा तास. बंद खोली. मोबाईल बाहेर. विषय मी देणार," पंक्चर माईकवर म्हणाला. "स्वतः लिहितोस ना? मग लिहून दाखव."

फर्निचरच्या दुकानाखालचं तळघर खच्चून भरलं होतं. महिन्यातल्या एका रविवारी दुपारी शहरातले रॅप करणारे तिथे जमायचे. आज मात्र बघ्यांचीच गर्दी जास्त होती. वस्तऱ्याची फजिती बघायला कोण येणार नाही?

वस्तरा म्हणजे या तळघराचा राजा. त्याची सहा वर्षांची गाणी पोरांना तोंडपाठ. आणि पंक्चर हा त्याचा जुना दोस्त. भल्याभल्यांची हवा काढतो म्हणून पंक्चर. लिखाण चोख, पण आवाज फाटका; तो माईकवर आला की लोक चहा प्यायला बाहेर पडायचे. दोन महिन्यांपूर्वी त्यानं सगळ्यांदेखत तोंड उघडलं होतं, "वस्तऱ्याला कुणीतरी लिहून देतं." या धंद्यात याहून मोठी शिवी नाही.

आरोप खरा होता. हे माहीत असलेली बाई भिंतीला टेकून उभी होती. वस्तऱ्याची थोरली बहीण.

ती लॉन्ड्रीत इस्त्री करायची. आई गेली तेव्हा भाऊ नऊ वर्षांचा होता. त्याला तिनंच वाढवलं. यमक जुळवायची खोड तिला शाळेपासून. उभ्याउभ्या ओळ सुचली की कपड्यांना लावायच्या चिठ्ठीच्या पाठीमागे ती लिहून ठेवायची. भावानं एकदा अशी चिठ्ठी उचलली, बीटवर म्हणून पाहिली, आणि तिथून सगळं सुरू झालं. नाव त्याचं झालं. तिला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. शेकडो पोरं तिच्या ओळी ओरडून म्हणत, तेव्हा ती मागे उभी राहून गालातल्या गालात हसायची. तेवढंच तिचं सुख.

काल तिनं त्याला म्हटलं होतं, "पाच-सहा विषयांवर लिहून देते. घडी करून बाहीत शिवते. कुणाच्या बापाला कळणार नाही."

"नको ताई. या वेळी माझं मला बघू दे."

"अरे, नाक कापलं जाईल!"

"जाऊ दे," तो म्हणाला होता, आणि शांत झोपला होता. तिच्या डोळ्याला मात्र डोळा लागला नाही.

"विषय आहे, घर," पंक्चर म्हणाला. वस्तरा मागच्या खोलीत गेला आणि बाहेरून कडी लागली.

तो अर्धा तास तिला सरता सरेना. घर! या विषयावर तिनं एका दमात वीस ओळी लिहिल्या असत्या. आत तो पेन चावत बसला असेल. शेजारची दोन पोरं खिदळत होती, "आता वस्तऱ्याची धार बोथट होणार." तिला वाटलं, पुढे होऊन सांगून टाकावं, मी लिहिते म्हणून. पण मग तो आयुष्यातून उठला असता.

कडी निघाली. वस्तरा बाहेर आला, घामाघूम. हातात एकच कागद. बीट सुरू झाला.

*घर म्हणजे चार भिंती, असं सांगतं कोण?*
*माझ्या घराला हात दोन, भाजलेले दोन.*
*जगाच्या कपड्यांवरच्या चुण्या तिनं सरळ केल्या,*
*स्वतःच्या कपाळावरच्या तशाच राहून गेल्या.*

भिंतीपाशी तिनं नकळत आपले हात पदराखाली घेतले.

*आता टेक जरा, ताई, इस्त्री थंड होऊ दे,*
*पुढची वाट एकट्यानं चालून पाहू दे.*

मग छत कोसळेल असा गलका झाला. खिदळणारी पोरं डोळे पुसत होती. पंक्चर पुढे आला, माईकसमोर कान धरले आणि म्हणाला, "चुकलो, दोस्ता. माती खाल्ली मी." वस्तऱ्यानं त्याला मिठी मारली. लोकांनी दोघांना उचलून घेतलं.

ती भिंतीपाशी रडत होती. आनंद होता, पण काहीतरी सलतही होतं. चुण्यांची ती ओळ! इतकी वर्षं इस्त्री करून तिला सुचली नव्हती. याला येत होतं तर. मग सहा वर्षं आपण कुणासाठी बोटं भाजून घेतली? पुढच्याच क्षणी तिनं स्वतःला दटावलं. लेकरू पायावर उभं राहिलं, तर पोटात का दुखावं? उलट त्याला जवळ घ्यावं, दृष्ट काढावी.

गर्दी पांगल्यावर ती त्याला शोधत मागच्या खोलीकडे गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. तिनं ढकलायला हात लावला, तेवढ्यात आतून पंक्चरचा आवाज आला.

"शेवटच्या ओळीत 'एकट्यानं' कुठून घुसडलंस? मी 'माझी मला' लिहिलं होतं."

"पाठ केलेलं ऐन वेळी निसटलं रे," भाऊ म्हणाला. "ताईला कळलं असेल ना पण?"

"न कळायला काय झालं? माणसाला घालवायचं तर हार घालून घालवावं."

आत दोघंही हसले. हसणं ओसरलं तसा भाऊ म्हणाला, "बरं, पुढचं गाणं कधी लिहून देतोस?"