दुसऱ्या बाजूची दारं

केरूआबा वडूजचे सुतार. माझ्या जुन्या शिडाच्या होडीत त्यांनी आठ नवी कपाटं बसवली, चार डावीकडे, चार उजवीकडे, कोयनेच्या काठावरच. “ताई, पाण्यात मी येनार न्हाई. पवाया येत न्हाई मला,” आधीच बजावलं होतं. आज होडी पाण्यात उतरली, तरी आबा आत ओळंबा लावून दारं तपासत बसलेले. “झालंच, ताई,” म्हणेपर्यंत वाऱ्यानं शीड भरलं आणि होडी डावीकडे कलली. ओळंब्याची लोंबती दोरी कपाटापासून वीतभर लांब गेली. “आयला, कपाट वाकडं झालं!” आबा ओरडले. “कपाट नाही, होडी कललीय!” सुकाणू धरून मी हसले. उजवीकडच्या कपाटांतली भांडी धडाधडा दारांवर आदळली. एकही दार उघडलं नाही. आबांनी खिडकीतून पाहिलं. काठ लांब राहिला होता. घाबरतील म्हणून मी होडी काठाकडे वळवू लागले. “आवं ताई, आता उजवीकडं कलवा! डावीकडची दारं बघायची ऱ्हायल्यात!”