घासावरचा पहारा

"तुम्ही फुगवलंत माझ्या पोरीला. तुम्ही! रोज दुपारी पास्ता आणि तळलेले बटाटे घालून."

कौमुदी खुर्चीत नीट टेकायच्या आधीच सुरू झाली. टेबलापलीकडे शाळेच्या समुपदेशक बाई. शेजारी पंधरा वर्षांची शमिका, स्वतःच्याच खटल्यात दुभाषी.

"सांग त्यांना," कौमुदीने तिला कोपर मारलं.

शमिका जर्मनमध्ये तीन शब्द बोलली.

"एवढंच? मी एवढं बोलले की!"

"जर्मनमध्ये लहान होतं ते."

काल मुलांच्या शाळेच्या ऑफिसातून फोन आला होता. जेवणाबद्दल गंभीर बोलायचंय, आईवडील दोघं या. शिरीषने प्लांटमधली मीटिंग पुढे केली. "तूच बघ, पोरीचं आहे," म्हणाला आणि सुटला. बाप लोकांना मीटिंगा बऱ्या वेळेवर असतात.

कौमुदीला मात्र सुटका नव्हती. जर्मनीतल्या या झिंडेलफिंगेन गावच्या मराठी बायकांत भुताची गोष्ट एकच: शाळेने युगेन्डआम्टला, म्हणजे बालकल्याण खात्याला, कळवलं की सरकारी माणसं दारात येतात आणि पोर घेऊन जातात. तसं होऊ द्यायचं नव्हतं. म्हणून ती शमिकालाच ओढून घेऊन आली.

"मी कशाला?" शमिकाने विचारलं होतं.

"तुझीच तर वरात आहे!"

शमिकाला दारात पाहून बाईंनी भुवया उंचावल्या होत्या. मग एक खुर्ची वाढवली होती.

"घरी मी काय देते तेही सांग," कौमुदी म्हणाली. "सकाळी काकडी. डब्यात एक उकडलेलं अंडं. रात्री अर्धी भाकरी, तीही माझ्या डोळ्यांसमोर. लाडूंच्या कपाटाला कुलूप आहे, किल्ली माझ्या पर्समध्ये. तरी वर्षात अकरा किलो! हे येतं कुठून?"

शमिका सांगत गेली. कुलपाशी अडखळली. बाईंनी ते लिहून घेतलं.

"आणि तिची ती कोलंबियाची मैत्रीण, वालेरिया. त्यांच्याकडे बसून तळलेली केळी हाणत असणार."

"वालेरियाचीही केळी बंद केलीत तिच्या आईने," शमिका पुटपुटली. "तिच्या भावाला दुप्पट मिळतात."

"बघ! शहाणी बाई आहे."

पोराच्या ताटात तूप आणि पोरीच्या घासावर पहारा. माणसं समुद्र ओलांडतात, व्हिसासाठी रांगा लावतात, बॅगेतलं लोणचं कस्टमवाले काढून घेतात. ही अक्कल तेवढी कुणी अडवत नाही.

बाईंनी काही विचारलं.

"घरात सगळे एकत्र जेवतो का, विचारतायत."

"हो तर! म्हणजे, आम्ही तिघं. हिच्या दादाचं, मल्हारचं, आबिटूर आहे पुढच्या वर्षी, बारावीचीच परीक्षा ती, अभ्यास असतो. त्याचं ताट वर खोलीत जातं. दोन भाकऱ्या, भात, वर तूप. शाळेचा डबाही चांगला तीन कप्प्यांचा. ताट म्हणू नका, डबा म्हणू नका, चाटूनपुसून परत. त्याला कधी खा म्हणावं लागलं नाही, बस म्हणावं लागलं नाही. जिम लावल्यापासून गालही बसलेत, कसा बाप्यासारखा दिसतो. तोही माझ्याच हातचं खाऊन वाढलाय ना? मग दोष माझ्या घराचा कसा?"

शमिकाने या वेळी सगळं सांगितलं. बाईंचं पेन थांबलं.

"आल्झो..." त्या म्हणाल्या आणि हळू आवाजात बोलू लागल्या. बराच वेळ बोलल्या. कौमुदीला अर्धं जर्मन कळायचं, पण आता भीतीने तेवढंही कळेना. युगेन्डआम्ट हा शब्द येतोय का, एवढंच ती ऐकत होती. तो आला नाही. तिने सुस्कारा सोडला.

"काय म्हणतायत? सांग की गं. पोर नेणार नाहीत ना कुणी?"

शमिका नखं कुरतडत राहिली.

"शमे, आता दातखीळ बसली का? खाताना बरं तोंड चालतं!"

शमिकाने मान वर केली.

"म्हणतायत, तुला माझ्यासाठी बोलावलंच नव्हतं. दादा व्यायामाच्या तासाला दोनदा चक्कर येऊन पडला. सतरा वर्षांचा मुलगा, त्रेचाळीस किलो भरला. आणि हे त्या नाही, मी सांगतेय: वर्षभर त्याची ताटं, त्याचे डबे मीच संपवतेय. त्याला नको असायचं, मला भूक लागलेली असायची. बाई एकच विचारतायत, आई. दादाला जेवताना तू शेवटचं कधी पाहिलंस?"