अकरा वाजून दहा मिनिटं

"घड्याळकाका नापास झाले, तर मी भर चौकात स्टुलावर उभा राहून सांगेन, मला अक्कल नाही," न्हावी म्हणाला. "पास झाले तर तू सांगायचं."

"स्टूल पुसून ठेव. तुलाच चढायचंय," शेजारचा औषधवाला म्हणाला.

घड्याळकाका अडतीस वर्षं टॉवरचं घड्याळ सांभाळत होते. अख्खा बाजार त्यांच्या ठोक्यावर उघडायचा, त्यांच्या ठोक्यावर मिटायचा. त्या आठवड्यात एक संशोधक बाई म्हाताऱ्या माणसांची स्मरणशक्ती तपासायला आल्या. नगरपालिकेच्या कचेरीनं एका दगडात दोन पक्षी मारले. काकांचं नाव त्यांच्या यादीत घुसवलं. वय झालंय, डोकं ठिकाणावर आहे का बघा. नसलं, तर टॉवरची किल्ली जमा.

काकांना तिसातले बावीस पडले. चोवीस हवे होते. घड्याळाचं चित्र काढायचं होतं, त्याचे तीनच्या तीन गेले. घड्याळाचे. घड्याळकाकांचे. किल्ली गुरुवारी पाचपर्यंत आणून द्या, असं पत्र आलं.

गुरुवारी चार वाजता काका न्हाव्याच्या खुर्चीत बसले होते. "किल्ली द्यायला जायचंय. दाढीचे खुंट घेऊन कशाला जाऊ?" म्हणाले. न्हाव्यानं साबण असा फासला, जणू कचेरीच्याच तोंडाला फासतोय.

त्यात बाई अहवालावर काकांची सही घ्यायला दुकानात आल्या.

"या," न्हावी वस्तरा चालवत म्हणाला. "वीस मिनिटांत जिता माणूस मोडीत काढलात. भंगारवालासुद्धा आधी वजन करतो हो."

बाईंना ते लागलं. "मी मनाचं नाही लिहिलं काही. अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा म्हटलं, तर हे काढलं त्यांनी." त्यांनी फाइलीतून कागद काढला आणि न्हाव्याच्या पाठीमागून वर धरला.

न्हाव्यानं मान वळवली नाही. सगळ्या जगाशी तो आरशातूनच बोलायचा.

"मग? अकरा दहाच झालेत की."

"वळून बघा."

तो वळला. कागदावर बाराच्या डावीकडे एक होता, उजवीकडे अकरा. आकडेही पाठमोरे. त्यानं पुन्हा आरशात पाहिलं. अकरा वाजून दहा मिनिटं, सुईच्या टोकासारखी.

वस्तरा खाली ठेवला. "काका, असं का काढलंत?"

"असंच दिसतं," काका म्हणाले. अर्ध्या तोंडाला फेस होता. "मी आत असतो ना, काचेच्या मागं. बाईंना विचारलंही होतं, आपल्या बाजूनं काढू का लोकांच्या? त्या म्हणाल्या, मला काही सांगायची परवानगी नाही."

बाईंनी फाइल पुन्हा उघडली. काकांनी खरंच विचारलं होतं. बाईंनी ते वाक्य टिपूनही घेतलं होतं. पुढे कंसात लिहिलं होतं, असंबद्ध बडबड.

"कधी टॉवरवर चढलात का हो?" न्हावी म्हणाला. आवाज हळू होता, पण वस्तऱ्यापेक्षा धारदार. "सत्तर वर्षांच्या माणसाची परीक्षा घेतलीत, एकशे बारा पायऱ्या नाही चढवल्या तुम्हाला?"

बाईंनी हात पुढे केला. काकांनी किल्ली दिली.

त्या खाली आल्या तेव्हा पाचाला दहा कमी होते. धाप लागली होती, साडीला वंगण लागलं होतं. त्यांनी न्हाव्याच्या फळीवर अहवाल ठेवला, बावीस खोडले, काहीतरी लिहिलं, खाली सही केली. किल्ली काकांच्या हातात परत दिली.

बातमी चौकात पोचायला कितीसा वेळ लागतो? गर्दी जमली. न्हाव्यानं स्टूल बाहेर आणून ठेवलं. औषधवाला दिलदार गडी, पैज हरलो, मला अक्कल नाही, असं म्हणत त्यानं हसत हसत एक पाय स्टुलावर टाकला.

"उतरा," बाई म्हणाल्या. "हा नंबर माझा आहे."

बाई स्टुलावर चढल्या. "वाचू का, काका?"

"वाचा," काका म्हणाले. "पण जोरात. कचेरी लांब आहे."

बाईंनी कागद उलगडला.

"गुण पंचवीस, पास. काढलेलं घड्याळ बिनचूक आहे. तपासणारी चुकीच्या बाजूला उभी होती."