टाकीचा मान

बसा पाहुणे. च्या सांगितलाय. तो येईस्तोवर एक गोष्ट सांगतो, पण सगळी ऐका, मधीच उठू नका.

पोलादपूरच्या खाली, ओढ्याच्या कडेला रमचा कारखाना झालाय. साधी रम नाय, वेस्ट इंडीजच्या तऱ्हेची. महिपतचा भरत मुंबई सोडून तिथं कामाला लागला. एकुलता एक पोर, लगीन झालेला.

घरी आला की बापाला सांगायचा. घाटावरच्या साखर कारखान्यातनं टँकरनं मळी येते, काळी, काकवीसारखी घट्ट. ती पाण्यात कालवायची, खमीर टाकायचं नि टाकीत आंबत ठेवायची, बुडबुडे येऊन वायू सुटत राहतो. मागल्या खेपेचं भट्टीतलं उरलेलं आंबट पाणीबी त्यात घालतात, चवीसाठी. मग तांब्याच्या भट्टीत दोनदा उकळायची. निघते ती पाण्यासारखी. आतनं जाळलेल्या लाकडी पिंपात पडून राहिली की मग तिला रंग चढतो.

महिपत सगळं ऐकून घ्यायचा नि एकच विचारायचा, "जागेचा मान दिला का रे कोणी?"

"कसला मान, बाबा?"

"राखणदाराचा. ओढा त्याचा हाय. त्याच्या उरावर टाक्या रोवल्यात तुम्ही."

"साहेबाला सांगतो, पयला पेग राखणदाराला." भरत हसायचा.

महिपत नाय हसायचा. त्यातल्याच एका रिकाम्या केलेल्या टाकीच्या तळाला मांजर मेलेलं गावलं होतं. अंगावर ओरखडासुद्धा नाय.

तीच टाकी साफ करायची होती. तळाचा गाळ खरवडायला भरतनं उतरायचं ठरलं. आदल्या दिवशी महिपत डबा द्यायला गेला, तर कारखान्याचे मालक, पुण्याचे सुहास साहेब, पोराला विचारत होते.

"घरी कोण कोण आहे तुझ्या?"

"आई, बाबा, बायको."

"काही झालं तर कोणाला कळवायचं?"

भरतनं बापाचं नाव सांगितलं. साहेबांनी सही घेतली. कमरेला पट्टा आवळून बघितला, त्याला दोर लावला.

"मी समोर असल्याशिवाय उतरायचं नाही. टाकी रिकामी दिसते, पण रिकामी नसते."

महिपत डबा तिथंच ठेवून घरी आला. "चंद्रे, तुझ्या पोराला देणार हायत गो."

"काय बोलता काय?"

"बकऱ्याला लावतात तसा दोर लावला. मालक स्वतः समोर उभा राहणार हाय."

"मग नका धाडू त्याला."

"उद्या नाय धाडला, परवा मागतील."

पोराच्या बदली खुराड्यातला तांबडा कोंबडा चंद्राबाईनं आपल्या हातानं काढून दिला.

दुसऱ्या दिवशी साहेब महाडला गेले होते, टाकीत हवा सोडायच्या पंख्याची मोटर जळली म्हणून. भरत पट्टा बांधून टाकीपाशी त्यांची वाट बघत होता. महिपतनं तेवढ्यात डाव साधला. कोंबडा पाटीत बांधला, गाऱ्हाणं घातलं नि पाटी टाकीत सोडली. आत जरा फडफड झाली. मग गप. वर ओढली, तर कोंबड्यानं मान टाकलेली. ना सुरी, ना रक्त.

महिपतच्या डोळ्याला पाणी आलं. "घेतला रे! त्यानं आपल्या हातानं घेतला! सुटलास तू!"

नि पोराच्या कमरेचा पट्टा त्यानं स्वतः सोडला.

"बाबा, साहेब बोंबलतील."

"बोंबलू दे. ते यायच्या आत उरकून वर ये. त्यांच्या हाताला नाय लागायचास तू. मी ह्याला शिजवतो, ऊन-ऊन जेवायला ये."

"तंगडी माझी हां," म्हणत भरतनं शिडीवर पाय ठेवला. महिपत कोंबडा घेऊन घराकडं सुटला, पोरासारखा उड्या मारत.

ही आज सकाळची गोष्ट, पाहुणे. समोर धूर दिसतोय ना, ती महिपतची चूल. रस्सा कधीचा झालाय. ताट घेऊन दारात बसलाय नि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतोय, आमचा भरत दिसला काय. सगळा गाव मागच्या वाटेनं फिरतोय. तुम्हाला हितं कोणी ओळखत नाय. च्या घ्या, नि तेवढं जाऊन सांगा त्याला.